कोंबडीचं पाणी तोडताना

कोयना नदीला खरं तर बंगालच्या उपसागराकडे जायचं होतं. महाबळेश्वरात जन्मली, डोंगराच्या कडेकडेनं दक्षिणेला हेळवाकपर्यंत आली, तिथं काटकोनात वळली आणि कऱ्हाडात कृष्णेला भेटायला पूर्वेला निघाली. इंजिनियर लोकांनी तिला वाटेत आडवं धरण घातलं, सह्याद्री पोखरला आणि शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं. वीज करून मोकळं झालेलं ते पाणी आता वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. एका समुद्राचं पाणी दुसऱ्या समुद्राला देण्याचं काम माणसानं आमच्या कोयनानगरात करून दाखवलेलं आहे. मात्र त्याच कोयनानगरात, धरणापासून हाकेच्या अंतरावर, त्याच माणसाच्या जातीला कोंबडीच्या घशात चमचाभरसुद्धा औषध वळवता येत नाही.

विषय जंतांचा आहे. जेवताना वाचत असाल तर अंक जरा बाजूला ठेवा.

पेन्शन सुरू झाल्यावर कुणी काशीला जातं, कुणी शेअर बाजारात. मी कोंबड्या पाळल्या. गावरानच. मधे एकदा जावयानं कौतुकानं गिरिराज जातीची पिल्लं आणून दिली होती. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली ही जात अंगानं भारदस्त आणि स्वभावानं सालस. बोलावलं की येत. पण मुंगसानं बोलावलं तरी जात. पावसाळा संपेपर्यंत एकही उरली नाही. गावरान कोंबडीचं तसं नाही. ती कुणाच्याच बोलावण्याला जात नाही, म्हणून टिकते.

आमच्या परसात काळी ही थोरली. तिच्याखालोखाल उघड्या मानेची पैलवानीण, मग तांबड्या तिघी-चौघी आणि नुकत्या अंड्याला लागलेल्या दोन तलंगा. कोंबडा एकच. त्याचं नाव मुकादम, कारण तो स्वतः उकरत नाही. उकिरड्यावर कुणीतरी काही शोधून काढलं की शेजारी उभा राहून ‘कुक् कुक्’ करत साऱ्या बायकांना बोलावतो आणि श्रेय घेतो. धरणाच्या कामावर आयुष्य काढलेल्या शेजारच्या आबांनीच हे नाव ठेवलं आहे. ते म्हणतात, हुबेहूब आहे.

तर आषाढात काळीचा तुरा फिका पडला. जास्वंदीसारखा असायचा, तो कुळथाच्या पिठल्याच्या रंगावर आला. खाणं दुप्पट आणि अंगाला काही लागत नाही. उचलून पाहिली असती तर छातीचं हाड हाताला लागलं असतं, पण उचलू देईल तर ती काळी कसली. मग एके दिवशी ओट्याच्या पायरीवर तिनं पुरावाच ठेवला. ओल्या विष्ठेत पांढुरका, दोन्ही टोकांना निमुळता, माझ्या करंगळीपेक्षा लांब असा एक जीव सावकाश वेटोळं सोडत होता. घाई कसलीच नव्हती त्याला. फुकटात राहायची सवय झालेल्या पाहुण्याला बाहेर काढल्यावर तो जसा आळोखेपिळोखे देतो, तसं त्याचं चाललं होतं. सौभाग्यवतींनी पायरीवर बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, “हे तुमचं खातं. बघा काय ते.”

ऐवज काडेपेटीत घालून मी वडापनं तालुक्याच्या गावाला गेलो. वडापमध्ये शेजारच्या माणसानं विडी पेटवायला काडेपेटी मागितली, ती मी दिली नाही. त्यानं मला चिकट म्हणून शिव्या घातल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र काडेपेटीचं मोठ्या आस्थेनं स्वागत केलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघून म्हणाले, “गोलकृमी आहेत, आणि चांगले नांदतायत.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी शिक्षक असल्यामुळे नीट उतरवून घेतलं. कोंबडीच्या आतड्यातली जंताची मादी अंडी घालते, ती विष्ठेतून मातीत पडतात. ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत त्या अंड्यात बाधा करण्याजोगी अळी तयार होते. कोंबडी उकरते, दाण्याबरोबर ते अंडं गिळते. कधी गांडुळानं ते आधीच गिळलेलं असतं आणि कोंबडी गांडूळ गिळते. पुढे दीड-दोन महिन्यांत नवी मादी अंडी घालायला तयार. मातीतली अंडी महिनोन्‌महिने मरत नाहीत. दुसरी जात पट्टकृमीची, म्हणजे चपट्या फितीसारख्या जंतांची. ते मुंग्या, भुंगे, माश्या यांच्या मार्फत येतात. म्हणजे कोंबडीला जंत होऊ नयेत असं वाटत असेल तर तिनं माती उकरू नये, गांडूळ खाऊ नये, मुंगी टिपू नये, माशी पकडू नये. थोडक्यात, तिनं कोंबडी असू नये.

“आणि तुमच्याकडं तर ओल,” डॉक्टर हळहळले. बरोबरच होतं. पावसाळ्यात रोजच्या पेपरात कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणच्या पावसाचे आकडे येतात. त्यात पहिलं कोण, यावर आमच्या चहाच्या टपरीवर पैजा लागतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटर आमच्या लेखी साधारण पाऊस. भिंतींना शेवाळ, चपलांना बुरशी, वहीची पानं एकमेकांना चिकटलेली. एवढ्या ओलीत माणसाला कोंब फुटत नाहीत हेच विशेष. जंताच्या अंड्याला याहून उत्तम प्रसूतिगृह महाराष्ट्रात मिळणं कठीण.

जंतनाशकाचा मला अनुभव नव्हता असं समजू नका. 10 फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन. 2015 साली तो सुरू झाला, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मुलांना चावून खायला लावणं हे काम माझ्याकडे होतं. गोळी गालात धरून ‘खाल्ली गुर्जी’ म्हणणारी पोरं मी ‘आ कर’ म्हणून पकडलेली आहेत. खिशात टाकणारी, शेजारच्याला देणारी, खिडकीतून कुत्र्याला घालणारी, सगळी. मागच्या बाकावरच्या पोरांच्या तोंडात जो गोळी घालू शकतो, त्याला कोंबड्या काय जड, असं मला वाटायचं. पण मागच्या बाकावरचा पोरगा कितीही बनेल असला तरी त्याला पंख नसतात.

डॉक्टरांनी पहिल्यांदा दिलं ते पाण्यातून द्यायचं औषध, पायपराझिन. गोलकृमीला ते लुळं करून टाकतं, मग आतडं त्याला आपोआप बाहेर ढकलतं. पद्धत अगदी सोपी. सकाळी कोंबड्यांच्या पाण्याची भांडी काढून घ्यायची, दोन-तीन तास तहान लागू द्यायची, मग औषधाचं पाणी ठेवायचं. तहानलेल्या कोंबड्या घटाघटा पितात आणि आपण पेपर वाचतो.

“पाणी तोडायचं,” मी घरी येऊन जाहीर केलं.

बाहेर पागोळ्या धो धो वाहत होत्या. अंगणाला ओहोळ फुटला होता. शिवसागर भरत आला होता आणि धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलणार याची चर्चा पाटणपासून सांगलीपर्यंत चालली होती. सौभाग्यवतींनी एकवार माझ्याकडे, एकवार आभाळाकडे पाहिलं आणि त्या लसूण सोलू लागल्या. आबा कट्ट्यावर बसले होते. ते म्हणाले, “तोडा की. फकस्त आभाळाला बी तेवढं कळवा.”

तरी मी भांडी काढली. काळी पागोळीखाली चोच वर करून उभी राहिली. पैलवानीण फरशीच्या खळग्यातलं प्यायली. तलंगा अळूच्या पानावरचे थेंब टिपत होत्या, ते तर बघायलाही सुंदर होतं. मुकादमानं एक डबकं शोधून साऱ्यांना बोलावलं. मग मी खळगे पुसले, डबकं बुजवलं, अळू वाकवलं, आणि छत्री धरून परसभर फिरत कोयना खोऱ्याची जलनीती एकट्यानं राबवू लागलो. औषधाचं पाणी मांडलं तेव्हा काळी आली, भांड्यात एक डोळा घालून बघितलं, मान फिरवून दुसरा डोळा घालून बघितलं आणि भांड्याच्या काठावर चढून त्यात शिटली. पावसाच्या पाण्यानं भांडं तासाभरात भरून वाहिलं. त्या दिवशी आमच्या परसातल्या गांडुळांना जर जंत असतील तर ते नक्की पडले.

मग खाण्यातून. कोंबडीच्या जिभेला चव फारशी कळत नाही, स्वादकळ्या काहीशेच असतात असं वाचलं होतं. माणसाला त्या हजारांत. त्यामुळे चवीचा प्रश्न नव्हता. भाकरी कुस्करली, सुकटीची पूड घातली, वर औषध, आणि लाडू वळले. वास असा सुटला की शेजारची मांजर भिंतीवर येऊन बसली. कोंबड्यांनी लाडू फोडले, सुकट वेचली, भाकरी वेचली आणि औषध लागलेले गोळे जमिनीवर तसेच ठेवले, पंक्तीत माणसं मिरी बाजूला काढतात तसे. चव कळत नसेल, पण नजर! आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन तऱ्हेच्या, कोंबडीच्या डोळ्यांत चार तऱ्हेच्या. आपल्याला जे दिसत नाही तेही तिला दिसतं. मला भाकरीच्या तुकड्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि तिथं तिला बहुधा ‘औषध’ असं लिहिलेलं दिसत होतं.

घरात म्हातारी माणसं असली की अशा वेळी गप्प बसत नाहीत. आईनं वावडिंग काढलं. मग पळसाच्या बिया. मग लसूण. आमच्या लहानपणी हे सगळं आम्हाला दिलेलं आहे, आणि वावडिंगाची चव आठवली की मी अजून सरळ बसतो. लसणाच्या पाकळ्या कोंबड्यांनी आवडीनं खाल्ल्या. सकाळी खुराडं उघडलं की फोडणीची आठवण यायची, एवढाच गुण आला.

डॉक्टरांकडे दुसरी फेरी झाली. ते म्हणाले, आता पट्टकृमीचे तुकडेही दिसतायत, त्यांच्यावर पायपराझिन तसंही चालत नाही. “अल्बेंडाझोल द्या. एकेक धरून, तोंडातून. कोंबडी सरळ धरायची, चोच उघडायची, सुई काढलेल्या सिरिंजनं कडेनं सोडायचं.” आणि मग एका दमात पुढे, “वजन करून घ्या आधी.”

तेच औषध, शाळेतलं. फक्त पटावरच्या विद्यार्थ्यांना पकडायचं होतं.

कोंबडी हातात का येत नाही, याचा मी तिच्या बाजूनं विचार केला. आमच्या घरात कोंबडीला माणसाचा हात दोनच कारणांनी लागतो. एक, मानमोडीची लस टोचायची असेल. दोन, पाहुणा आला असेल. पहिल्यातून ती परत येते, दुसऱ्यातून येत नाही. अशा परिस्थितीत ‘ये गं बाई, तुझ्या भल्यासाठीच आहे’ या वाक्यावर कुठल्या शहाण्या जिवानं विश्वास ठेवावा? आमच्याकडे फाटकाशी अनोळखी मोटारसायकल थांबली की कोंबड्या आधी गायब होतात, मग कुत्रं भुंकतं.

त्यात रक्ताचाही भाग आहे. जगातल्या कोंबड्या मुळात आग्नेय आशियाकडच्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाल्या हे खरं, पण 2008 साली जनुकं तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं की कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. हा करडा रानकोंबडा म्हणजे आमच्याच रानातला. कोयना अभयारण्यात पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते, दिसत मात्र सहसा नाही. दिसला तर पाठ दिसते. पिवळ्या पायांबरोबर त्या पायांत पळ काढायची अक्कलही त्यानंच दिली असावी, असं माझं मत आहे. शास्त्रज्ञांनी ते अजून तपासलेलं नाही.

दिवसाउजेडी मी काळीमागे धावलो. शाळेच्या मैदानावर खो-खो शिकवलेला माणूस मी, दिशा बदलताना तोल कसा सांभाळायचा हे मला ठाऊक होतं. पण खो-खोत खेळाडू कुंपणाखालून जात नाही. ती कारवीत शिरली, मी कारवीत शिरलो. ती बाहेर आली. मीही आलो, पण एकटा आलो नाही. पोटरीला जळवा लागल्या होत्या. तिच्या पोटातले परजीवी काढायला निघालेला माणूस स्वतःचे घेऊन परतला. आबांनी तंबाखूची चिमूट ओली करून एकेक जळू सोडवली. काळी तेवढा वेळ कट्ट्याखाली उभी होती आणि खाली पडलेली एकेक जळू टिपत होती. कृतज्ञता वगैरे नाही. डबा आला म्हणून.

मग शहाणपणाचा मार्ग, तो म्हणजे रात्र. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. खुराड्यात बसलेली असली की हात घालून अलगद काढता येते. पहिल्या रात्री मी खुराड्यातून पैलवानीण काढली. दोन्ही पंख दाबून पंच्यात गुंडाळली, तेव्हा ती कुस्तीचं नाव सोडून निवांत पडली. सौभाग्यवतींनी मोबाइलचा उजेड धरला आणि मी चोच उघडली.

कोंबडीच्या तोंडात इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं. जीभ बाणाच्या टोकासारखी, टणक. टाळूला मधोमध उभी चीर आणि तिच्या कडांना मागच्या बाजूला झुकलेले बारीक काटे. जिभेच्या मुळाशी एक फट, ती दर श्वासाला उघडते, मिटते, उघडते, मिटते. तीच श्वासनलिका. औषध त्या फटीत गेलं तर कोंबडी जाते, म्हणून ते बाजूनं, गालाकडून घशात सोडायचं. मी श्वास रोखला, तिनं सोडला. सिरिंजचा दट्ट्या हळूहळू दाबला. पैलवानिणीनं गिळलं. मान झटकली, थोडं माझ्या चष्म्यावर आलं, पण बरंचसं आत गेलं. तिचं डोकं माझ्या मनगटावर टेकलेलं होतं, आणि मानेच्या उघड्या कातडीखाली नाडी इतक्या वेगानं चालली होती की मीच तिला ‘झालं हं, झालं’ म्हणत राहिलो.

एक तांबडीही त्याच रात्री झाली. आणि मग बातमी फुटली.

दुसऱ्या संध्याकाळपासून एकही कोंबडी खुराड्यात गेली नाही. अंधार पडताच सगळ्या फणसावर. आणि काळी न्हाणीघराच्या पत्र्यावर, माडाच्या झावळीच्या आडोशाला. खुराड्यात त्या रात्री फक्त मुकादम गेला, नेहमीसारखा रुबाबात. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला औषध पाजणं सर्वांत सोपं गेलं. पुढारी माणसं कौतुकानं जवळ घेतलं की काहीही गिळतात.

मग एका रात्री पाऊस जरा उघडला, तेव्हा मी शिडी लावून पत्र्यावर चढलो. सौभाग्यवती खाली डालगं धरून. मी सावकाश सरकत होतो. पत्रा जुना, ओला, आणि वर शेवाळ. हात काळीच्या पाठीवर पडणार तेवढ्यात ती ओरडली. ओरडली म्हणजे काय, एखाद्याच्या घरावर दरोडा पडल्यागत ओरडली. फणसावरून बाकीच्यांनी साथ दिली. माझा पाय घसरला, गुडघा पत्र्यावर आपटला, पत्र्यावर वाळत ठेवलेली पत्र्याचीच जुनी घमेली गडगडत खाली गेली आणि न्हाणीघरातल्या हंड्या-कळश्यांवर पडली.

बाहेरच्या वाचकांना याचा अर्थ कळायचा नाही. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाची पहाट ज्या गावानं पाहिली, त्या गावात मध्यरात्री भांडी वाजली तर माणसं विचार करत बसत नाहीत. जमीन अजूनही अधूनमधून हलते. त्यामुळे उठायचं, म्हाताऱ्याचा हात धरायचा, पोर कडेवर घ्यायचं आणि उघड्यावर यायचं, हे आमच्या अंगात भिनलेलं आहे. क्षणात आख्खी आळी रस्त्यावर. कुणी घोंगडी पांघरून, कुणी एका पायात चप्पल घालून. आबा लंगोटावर मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिलेले.

“केवढा व्हता?” त्यांनी तिथूनच विचारलं.

सौभाग्यवतींनी डालग्यावर हात दाबून धरला होता. काळी घसरगुंडीच्या शेवटी त्यांच्याकडेच पोचली होती. “दीड किलोचा,” त्या म्हणाल्या.

आळीनं मला पत्र्यावर पाहिलं. पुढे काय बोलणं झालं ते छापण्यासारखं नाही. एक मात्र सांगतो, धक्का नव्हता हे कळल्यावरही कुणी लगेच घरात गेलं नाही. चहा झाला. फणसाला चहूबाजूंनी माणसं लागली, पोरं फांद्यांवर चढली, आणि उरलेल्या कोंबड्या त्या रात्री एकामागून एक खाली आल्या. जमलेल्या जनसमुदायासमोर मी त्यांना औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर ‘धरण सुरक्षित’ अशी बातमी फिरत होती, आणि सांगणारा माझ्याकडे बघून सांगत होता.

कुणाला पाजलं नि कुणाला राहिलं, हा गोंधळ होऊ नये म्हणून औषध झालेल्या कोंबडीला खूण करायचं ठरलं होतं. मतदानाची शाई घरात नसते. आईनं देवघरातून कुंकू आणून दिलं, ते मी प्रत्येकीच्या डोक्यावर लावलं. सकाळी आबा दात घासत कुंपणाशी आले आणि थबकले. कुंकवानं माखलेल्या डोक्यांच्या कोंबड्या परसात रांगेनं फिरत होत्या.

“गुर्जी,” त्यांनी आवाज खाली आणला, “नवस कुणाचा म्हणायचा? वाघजाईचा?”

आमच्याकडे कोंबडीच्या कपाळाला कुंकू लागलं की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. मी औषधाचं सांगितलं. आबांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नाही. दुपारी वहिनींनी निरोप पाठवला की मसाला आमच्याकडं वाटलेला आहे, हवा तर घेऊन जा. संध्याकाळपर्यंत आणखी दोन घरांतून ‘किती वाजता यायचं’ अशी चौकशी झाली.

याच्यापुढची भानगड अंड्यांची. औषध दिल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खायची नाहीत आणि कोंबडी कापायची नाही. औषधाचा अंश अंड्यात उतरतो. हा नियम चांगला आहे, आणि गावरान अंड्याला चार पैसे जास्त मोजणाऱ्या लोकांनी कोंबडीवाल्याला तो आवर्जून विचारावा. पण आमच्या तलंगांना याच दिवसांत अंड्यांचा उत्साह आला. फेकावीत तर कुत्री खाणार, कुत्र्यांना चटक लागली की खुराड्यावर टपणार. म्हणून मी ती पुरायचं ठरवलं. दिवसा पाऊस, म्हणून रात्री, कंदील घेऊन, परसाच्या कोपऱ्यात.

कुंकू लावलेल्या कोंबड्या. रात्री खड्डा खणून अंडी पुरणारा माणूस. आणि तो माणूस कोण, तर ज्यानं शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रम ठेवले, लिंबू-मिरचीवर भाषणं दिली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जिल्हा आमचा. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मी पोरांना कलमवार समजावलेला होता. तिसऱ्या दिवशी एका माजी विद्यार्थ्यानं रस्त्यात गाठून, इकडेतिकडे बघत, फार आदरानं विचारलं, “गुर्जी, कुणावर केलंय?”

त्याला मी सूक्ष्मदर्शकापासून सगळं समजावून सांगितलं. गोलकृमी, पट्टकृमी, गांडूळ, मुंगी, अल्बेंडाझोल. त्यानं लक्षपूर्वक ऐकलं आणि जाताना म्हणाला, “तरी बी आमच्या चुलत्याचं एक बघा जमलं तर.”

एवढं झालं खरं, पण काळीचा तुरा आता लाल होतो आहे. पूर्वीइतका नाही, तरी पिठलं मागे पडलं. पायरीवर जे काही पडायचं ते पडलं, सौभाग्यवतींनी ते माझ्याकडून धुऊन घेतलं. खुराड्यातली माती खरवडून काढली, चुना मारला, खाली भाताचं तूस पसरलं. ओल कमी ठेवली तर निम्मं काम होतं, असं डॉक्टर म्हणतात. कोयनानगरात ओल कमी कशी ठेवायची ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

जंत एका डोसात हटत नाहीत. मातीत राहिलेली अंडी कोंबड्या पुन्हा टिपणार, म्हणून काही आठवड्यांनी औषधाची दुसरी खेप द्यायची आहे. कोंबड्या अजून फणसावरच आहेत. मुकादमसुद्धा आता त्यांच्यात सामील झाला आहे. आबांची कंबर धरली आहे, आळीतली पोरं कऱ्हाडला होस्टेलवर गेली आहेत, आणि मला पत्र्यावर चढायला घरातून बंदी आहे.

तेव्हा वाचकांपैकी कुणाला रात्री ओल्या फणसावर चढता येत असेल तर श्रावणात जरूर यावं. चिपळूणहून येणाऱ्यांनी कुंभार्ली घाटानं, कऱ्हाडहून येणाऱ्यांनी पाटणमार्गे. येताना रेनकोट आणि जळवांसाठी तंबाखू आणावी. मोटारसायकल फाटकाशी न थांबवता आळीच्या तोंडालाच ठेवावी. जेवायला भाकरी-पिठलं मिळेल. कोंबडी मिळणार नाही, औषध चालू आहे.